एअरफोर्सचं विमान चालवायचंय? मग अकरावीला गणित सोडण्याआधी हे वाचा

नाशिक : ओझरच्या धावपट्टीवरून सुखोई उठलं की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत काम करणारा माणूसही मान वर करतो. आवाज येतो तिकडं बघावं, तर विमान पार पुढं गेलेलं असतं. बांधावर उभं असलेलं शाळकरी पोरगं म्हणतं, "मला हे चालवायचंय." घरचे हसतात, "आधी गणितात पास हो" म्हणतात आणि विषय तिथंच संपतो.

खरं तर घरच्यांनी गंमतीत जे म्हटलं, तेच या वाटेवरचं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. हवाई दलात पायलट व्हायचं असेल तर बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. अनेकांना हे कळतं तेव्हा पोरगं बीएच्या दुसऱ्या वर्षाला असतं आणि दार बंद झालेलं असतं. परीक्षेत नापास होऊन संधी गेली तर एक वेळ समजू शकतं. पण माहितीच नव्हती म्हणून गेली, तर ते जास्त लागतं. म्हणून हा सगळा रस्ता पहिल्या पायरीपासून समजून घेऊ.

आधी एक गोंधळ दूर करू

गावात फ्लेक्स लागतो, "एअरफोर्समध्ये निवड झाल्याबद्दल अभिनंदन". त्यातली बरीच मुलं अग्निवीरवायू म्हणून गेलेली असतात. ती भरती ४ वर्षांसाठी असते आणि अभिमानाचीच गोष्ट आहे. पण अग्निवीरवायू विमान चालवत नाही. विमान चालवतो तो अधिकारी. त्याची निवड, परीक्षा आणि प्रशिक्षण सगळं वेगळं असतं. विमान तयार ठेवणारे, रडार सांभाळणारे, दळणवळण बघणारे लोक नसतील तर पायलट जमिनीवरच राहील, हेही तितकंच खरं. मात्र मुलाला "उडायचं"च असेल तर अर्ज कुठला भरतोय हे आधी बघा.

दुसरा गोंधळ पैशांचा. खासगी फ्लाइंग क्लबमधून प्रवासी विमानाचा पायलट व्हायला लाखो रुपये लागतात. ते ऐकूनच शेतकरी कुटुंब हात जोडतं. हवाई दलात तसं नाही. तिथं प्रशिक्षणाचा खर्च सरकार करतं. हवाई दलाच्या अकादमीतल्या फ्लाइट कॅडेटला शेवटच्या वर्षी दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतनही मिळतं. फक्त पालकांना बाँड लिहून द्यावा लागतो. मुलानं स्वतःच्या मर्जीनं प्रशिक्षण मधेच सोडलं तर खर्च परत भरावा लागू शकतो. सही करण्याआधी तो कागद नीट वाचा.

दहावीनंतरचा एक निर्णय

आपल्याकडे अकरावी सायन्सला गेलेली कितीतरी मुलं "डॉक्टर व्हायचंय" म्हणून गणित सोडतात आणि बायोलॉजीचा गट घेतात. नीटमध्ये जमलं नाही की मग एनडीए, एअरफोर्स आठवतं. तोवर उशीर झालेला असतो.

एनडीएमधून हवाई दलात किंवा नौदलात जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय हवेत. लष्करासाठी मात्र कुठल्याही शाखेची बारावी चालते. पदवीनंतरच्या एएफकॅट परीक्षेतून फ्लाइंगला जायचं तर पदवीला ६० टक्के हवेतच, शिवाय बारावीच्या गणितात आणि भौतिकशास्त्रात प्रत्येकी ५० टक्के लागतात. म्हणजे पदवी कशाचीही घ्या, बारावीचं गणित पाठ सोडत नाही.

त्यामुळे मूल दहावीत असेल आणि मनात थोडा जरी विचार असेल, तर गणित ठेवा. बायोलॉजीही घ्यायचं असेल तर दोन्ही घ्या, ओझं वाढेल पण दार उघडं राहील.

रस्ते किती?

पहिला रस्ता एनडीएचा. यूपीएससी ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, अविवाहित. बारावीत शिकत असतानाच परीक्षा देता येते. गणिताचा पेपर ३०० गुणांचा आणि सामान्य क्षमतेचा ६०० गुणांचा. उत्तर चुकलं की त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापले जातात, म्हणून अंदाजपंचे गोळे काळे करू नका. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नसतो. शिवाय सामान्य क्षमतेच्या ६०० गुणांतच २०० गुणांचं इंग्रजी असतं. मराठी माध्यमाच्या मुलांची खरी अडचण इथं येते. ती अकरावीपासून रोज अर्धा तास इंग्रजी वाचून कमी करता येते, शेवटच्या महिन्यात नाही.

दुसरा रस्ता एएफकॅटचा. ही हवाई दलाची स्वतःची परीक्षा, तीही वर्षातून दोनदा. फ्लाइंगसाठी वय २० ते २४. पायलटचं व्यावसायिक लायसन्स असलेल्यांना २६ पर्यंत सवलत मिळते. पेपर फक्त इंग्रजीत. यातून फ्लाइंग शाखेत १४ वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळतं.

तिसरा सीडीएस, हीदेखील यूपीएससीची पदवीनंतरची परीक्षा. चौथा रस्ता एनसीसीचा. एअर विंगचं सीनिअर डिव्हिजनचं 'सी' सर्टिफिकेट असेल तर फ्लाइंगसाठी लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीला जाता येतं. त्यासाठी जागा राखून ठेवलेल्या असतात. कॉलेजात एनसीसी आहे, पण ती एअर विंगची आहे का, हे प्रवेश घेतानाच विचारा. आर्मी विंगच्या सर्टिफिकेटवर हा रस्ता मिळत नाही.

पाच दिवसांची मुलाखत

लेखी परीक्षा पास झाली की पुढं एसएसबी. हवाई दलाची निवड मंडळं डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा ठिकाणी आहेत. पाच दिवस तिथंच राहायचं असतं. पहिल्याच दिवशी चाळणी लागते. एक अस्पष्ट चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची आणि मग गटात चर्चा करायची. त्यात मागं पडलेले त्याच दिवशी घरी परततात.

राहिलेल्यांची मग तीन बाजूंनी पारख होते. मानसशास्त्रज्ञ लिहून घेतात, मैदानावर गटाची कामं देतात आणि एक अधिकारी सविस्तर मुलाखत घेतो. फळ्या, दोर आणि पिंप देऊन "हा अडथळा पार करा" असं सांगतात. तिथं कोण ओरडतो हे बघत नाहीत. कोण दुसऱ्याचं ऐकतो, कोण अडकलेल्याला हात देतो, कोण योजना फसल्यावर दुसरी काढतो, हे बघतात. शेतावर मोटार बंद पडल्यावर जे पोरगं नुसतं हाका मारत न बसता काहीतरी करून बघतं, त्याच्याकडं हा गुण आधीच असतो. तो बोलून दाखवायला मात्र शिकावं लागतं.

एक गोष्ट ठामपणे लक्षात ठेवा. या निवडीत पैसे देऊन काहीही होत नाही. "वरपर्यंत ओळख आहे" म्हणणारा माणूस भेटला की उठून चालायला लागा. त्या प्रवेशासाठी पहिल्यांदाच मुलाखतीला जाणाऱ्याला उलट नियमाप्रमाणे प्रवासभाडं मिळतं.

आयुष्यात एकदाच मिळणारी परीक्षा

आता या सगळ्या रस्त्यातला सर्वात नाजूक वळणाचा भाग. फ्लाइंगसाठी सीपीएसएस नावाची संगणकावरची चाचणी असते. आधी हिचं जुनं रूप पीएबीटी म्हणून ओळखलं जायचं. समोर पडद्यावर डायल, हातात जॉयस्टिक, पायाखाली पेडल. डोळ्यांनी एक गोष्ट बघायची, हातानं दुसरी सांभाळायची आणि त्याच वेळी तिसऱ्याकडं लक्ष ठेवायचं. एकाच वेळी अनेक कामं आली तर डोकं आणि हातपाय एकत्र चालतात का, हे ती मोजते.

ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर पुन्हा कुठल्याही मार्गानं हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेसाठी अर्ज करता येत नाही. एनडीएचा प्रयत्न फसला तर पुन्हा बसता येतं, एसएसबी पुन्हा देता येते, ही मात्र नाही.

मग तयारी काय करायची? घोकंपट्टीला इथं वाव नाही. चाचणीआधी सूचना देतात, त्या जिवाचा कान करून ऐकायच्या. समजलं नाही तर तिथंच विचारायचं, लाजायचं नाही. आदल्या रात्री पूर्ण झोप घ्यायची. रात्रभर रेल्वेनं उभं राहून प्रवास करून थेट तिथं पोहोचायचं, असं करू नका. तिकीट आधी काढा आणि एक दिवस हाताशी ठेवा.

डोळे, उंची, पाय

मेडिकलमध्ये बरीच स्वप्नं अडकतात, म्हणून घरच्या घरी काही गोष्टी आधीच तपासा. फ्लाइंगसाठी किमान उंची १६२.५ सेंटीमीटर. पायांची लांबी ९९ ते १२० सेंटीमीटर, मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ आणि बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ सेंटीमीटर. ही मापं ऐकून हसू येतं, पण कॉकपिट सगळ्यांसाठी एकाच मापाचं असतं. पाय पेडलपर्यंत पोहोचले पाहिजेत आणि आणीबाणीत सीटसकट बाहेर फेकलं जाताना गुडघे समोर आपटता कामा नयेत.

दूरचं दिसण्यासाठी मायनस नंबरचा चष्मा असेल तर फ्लाइंगचा रस्ता अवघड होतो. रंग ओळखण्याची क्षमता पूर्ण हवी. इथं एक चूक हमखास होते, ती म्हणजे कुणीतरी सांगितलं म्हणून १८व्या वर्षी लेझर ऑपरेशन करून टाकायचं. हवाई दलाच्या नियमात २० वर्षांच्या आधी झालेलं असं ऑपरेशन चालत नाही. नंतर केलं तरी त्याला बऱ्याच अटी आहेत. त्या वर्षीची जाहिरात वाचल्याशिवाय डोळ्यांना हात लावू नका.

दहावीच्या सुट्टीत एकदा चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडून डोळे तपासून घ्या. फ्लाइंग जमणार नाही हे तेव्हाच कळलं तर दुसरी शाखा निवडायला वेळ मिळतो.

दुंडीगलमध्ये काय शिकवतात?

एनडीएवाले ३ वर्षं खडकवासल्याला काढतात, पदवी घेतात आणि मग हैदराबादजवळच्या दुंडीगल इथल्या हवाई दल अकादमीत येतात. एएफकॅट, सीडीएसवाले थेट दुंडीगलला येतात आणि सव्वा-दीड वर्ष प्रशिक्षण घेतात.

पहिलं विमान असतं पिलाटस पीसी-७, स्विस बनावटीचं पंख्याचं विमान. सुरुवातीचे दिवस वर्गातच जातात. हवा पंखाला कशी उचलते, इंजिन कसं चालतं, हवामान कसं वाचायचं हे सगळं शिकवतात. मग मागं प्रशिक्षक बसवून उड्डाण सुरू होतं. विमानात काय बिघडलं तर काय करायचं, ते क्रमवार पाठ असावं लागतं. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे, कारण वर गेल्यावर पुस्तक उघडायला वेळ नसतो.

प्रत्येक उड्डाणाआधी ब्रीफिंग आणि नंतर डीब्रीफिंग. कुठं चुकलं ते प्रशिक्षक तोंडावर सांगतो. शाळेत कायम पहिला आलेल्या मुलाला हे जड जातं. जो चूक मान्य करतो आणि दुसऱ्या दिवशी ती करत नाही, तो पुढं जातो. एक दिवस प्रशिक्षक खाली उतरतो आणि सांगतो, "आता एकटा जा." पहिलं सोलो उड्डाण कुठलाच पायलट विसरत नाही.

पहिला टप्पा झाला की वाटा फुटतात. फायटर, ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टर. हेलिकॉप्टरचं शिक्षण हैदराबादजवळच्या हकीमपेटला होतं, फायटरवाले पुढं बिदरला हॉक जेटवर जातात. फायटर मिळालं नाही म्हणजे कमी पडलो, असा समज काढून टाका. २०१९च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात लोकांनी आभाळाकडं डोळे लावले होते ते हेलिकॉप्टरसाठी.

नऊ पट वजन म्हणजे काय?

एसटी घाटात झपकन वळली की आपण सीटवर एका बाजूला रेटले जातो. फायटर विमान वळतं तेव्हा हाच जोर कितीतरी पट वाढतो. त्याला 'जी' म्हणतात. ९ जी लागले तर ६० किलोच्या माणसाचं शरीर ५४० किलोचं असल्यासारखं वाटतं. रक्त डोक्याकडून पायाकडं ओढलं जातं, डोळ्यांपुढं अंधारी येते आणि बेशुद्धही पडू शकतो.

म्हणून पायलट खास सूट घालतो. तो मांड्या आणि पोट आवळून धरतो. त्याच वेळी पायलट पाय, पोट ताठ करून विशिष्ट पद्धतीनं श्वास घेतो. नुसती ताकद इथं कामाची नाही. रोजचा व्यायाम, झोप, पाणी आणि वेळेवर जेवण यातलं एक जरी चुकलं तरी शरीर वर दगा देतं. दरवर्षी मेडिकल होतं. साधी सर्दी झाली तरी डॉक्टर उड्डाण थांबवतात, कारण दाब बदलला की कानाला आणि सायनसला इजा होते.

वर्दीतलं रोजचं जगणं

सिनेमात दिसतो तो गॉगल आणि जॅकेट हा दिवसाचा छोटासा भाग. बाकी दिवस हवामानाची माहिती, नकाशे, ब्रीफिंग, अभ्यास आणि कागदपत्रांचा असतो. तासाभराच्या उड्डाणामागं कितीतरी तासांची तयारी असते. पायलट झाल्यावरही परीक्षा संपत नाहीत. ढगात, रात्री फक्त यंत्रांवर भरवसा ठेवून उडण्याची पात्रता पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागते.

पगार चांगला असतो. फ्लाइंग ऑफिसरची सुरुवात ५६,१०० रुपये मूळ वेतनावर होते, त्यावर १५,५०० रुपये सैनिकी सेवा वेतन, महागाई भत्ता आणि वेगळा फ्लाइंग भत्ता. राहायला घर, उपचार, कँटीन हे आहेच.

पण किंमतही मोजावी लागते. दर दोन-तीन वर्षांनी बदली, आज आसाम तर उद्या राजस्थान. मुलांच्या शाळा बदलतात, बायकोची किंवा नवऱ्याची नोकरी अडते. बहिणीचं लग्न असो की द्राक्षाची तोडणी, ड्युटी असेल तर यायला मिळत नाही. वडील आजारी असताना फोनवरच चौकशी करावी लागते. आणि धोका आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या पुरात बचावकार्य करणारं हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं आणि त्यातले सर्व २० जण गेले. मुलगा किंवा मुलगी या वाटेला जात असेल तर घरात यावर एकदा मोकळेपणानं बोलायला हवं. न बोलता दिलेली परवानगी पुढं जड जाते.

मुलींसाठी

"हे मुलींचं काम नाही" म्हणण्याचे दिवस गेले. १८ जून २०१६ रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी दुंडीगलमधून फायटरच्या वाटेवर बाहेर पडल्या. २०२२ पासून एनडीएचं दार मुलींना उघडलं आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या तुकडीतल्या १७ मुली खडकवासल्याहून उत्तीर्ण झाल्या. एनडीएत फ्लाइंगसाठी मुलींच्या जागा अजून फार थोड्या आहेत, म्हणून मुलींनी एएफकॅटचा रस्ताही आधीपासून डोळ्यांसमोर ठेवावा. एनडीएच्या परीक्षेला मुलींना फी नाही.

आणि हे लांबचं नाही. लष्कराची हेलिकॉप्टर चालवायला शिकवणारी शाळा आपल्या नाशिकमध्येच, गांधीनगरला आहे. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक तिथूनच लष्कराच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर म्हणून बाहेर पडल्या. लष्कराचा हा रस्ता वेगळा आहे. आधी लष्करात अधिकारी व्हायचं, मग एव्हिएशनसाठी निवड होते.

जवळ काय आहे?

छत्रपती संभाजीनगरला राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून मुलांना एनडीएसाठी तयार करते. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ पासून नाशिकला सुरू आहे. दोन्हीकडं अकरावी-बारावीची दोन वर्षं काढायची असतात, म्हणून प्रवेश परीक्षेची जाहिरात मूल दहावीत असतानाच बघावी लागते. दहावीचा निकाल लागल्यावर चौकशी केली तर वर्ष गेलेलं असतं. सातारा सैनिक स्कूल १९६१ पासून आहे, तिथं सहावी आणि नववीला प्रवेश होतो.

ओझरच्या एचएएलमध्ये ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस आणि नव्या प्रशिक्षण विमानाची, एचटीटी-४०ची, उत्पादन साखळी सुरू झाली. आपल्या तालुक्याच्या शेजारी तयार झालेल्या विमानावर उद्या आपल्याच गावचं पोरगं किंवा पोरगी उडायला शिकू शकते.

आणि नाही जमलं तर?

प्रामाणिकपणे सांगायचं तर बहुतेकांना जमत नाही. जागा थोड्या आणि चाळण्या अनेक. अकादमीत पोहोचल्यावरही उड्डाण जमत नसेल तर कॅडेटला फ्लाइंगमधून काढतात. तो आळशी असतो म्हणून नाही, प्रत्येकाचा हात आणि डोळा यासाठी बनलेला नसतो म्हणून. सीपीएसएसमध्ये नापास झालेला मुलगा हवाई दलाच्या तांत्रिक किंवा इतर ग्राउंड शाखेत, लष्करात अधिकारी होऊ शकतो. गणित पक्कं असेल तर इंजिनिअरिंगचं दार तर आहेच.

घरच्यांनी तेव्हा "तरी सांगत होतो" म्हणू नये, एवढीच विनंती. पाच दिवस एसएसबीत टिकून आलेलं पोरगं गेलं होतं तसं परत येत नाही, त्याला स्वतःची ओळख झालेली असते.

थोडक्यात, आजच करायच्या गोष्टी

- मूल दहावीत असेल तर अकरावीला गणित आणि भौतिकशास्त्र ठेवा.
- डोळे तपासून घ्या, २० वर्षांआधी लेझर ऑपरेशन करू नका.
- संभाजीनगर आणि नाशिकच्या शासकीय संस्थांची जाहिरात दहावीतच बघा.
- रोज थोडं इंग्रजी, रोज थोडं धावणं.
- वय आणि अटी दरवेळी यूपीएससीच्या किंवा हवाई दलाच्या अधिकृत जाहिरातीतूनच तपासा, मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजवरून नाही.
- कुणालाही "सेटिंग"साठी पैसे देऊ नका.

पुढच्या वेळी बागेवरून सुखोई गेलं आणि पोरगं म्हणालं, "मला हे चालवायचंय", तर हसू नका. त्याची गणिताची वही मागा आणि शेजारी बसा.